कानाची क्लिप की कपाळाची पट्टी? झोपेच्या दोन यंत्रांत निवड करताना

झोपेच्या गोळ्या नकोत, आणि 'संध्याकाळनंतर चहा नको, मोबाइल लांब ठेवा' एवढ्यानेही भागत नाही, अशा टप्प्यावर माणूस आला की मेंदूला हलकेच चालना देणाऱ्या यंत्रांकडे त्याचं लक्ष जातं. वाचून, विचारून, चाळणी लावून घरी वापरण्याजोगे दोन प्रकार उरतात. पहिला सीईएस, म्हणजे क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी स्टिम्युलेशन: कानांच्या पाळ्यांना दोन क्लिपा लावायच्या आणि अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सोडायचा. दुसरा कपाळावर बांधायच्या पट्टीचा. ही पट्टी झोपेतल्या मेंदूच्या लहरी वाचते आणि नेमक्या क्षणी बारीक आवाज ऐकवते. दोन्ही माझ्या घरात आहेत, दोन्ही मी मनापासून वापरली आहेत. ज्यांना यातलं एकच घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही, पण मी त्या उत्तराला कसा पोचलो हे कळलं तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

बहुतेक जण आधी किंमत आणि बॅटरी बघतात. माझ्या मते आधी स्वतःची तक्रार नीट ओळखावी. एखाद्याला अंथरुणाला पाठ टेकल्यावर दीड-दोन तास डोळा लागत नाही. उद्याची मीटिंग, परवाचा हप्ता, दहा वर्षांपूर्वी कुणी बोललेलं एखादं वाक्य, सगळं डोक्यात फिरत राहतं. दुसऱ्याला झोप पटकन लागते पण वरवरची. जरा खुट्ट झालं की चाळवते, आणि सात तास पडून राहूनही सकाळी अंग जड ते जडच. दोघंही डॉक्टरांसमोर 'झोप होत नाही' एवढंच म्हणतात. पण क्लिप पहिल्यासाठी आहे आणि पट्टी दुसऱ्यासाठी. क्लिप जागेपणी लावायची, वीस मिनिटं ते तासभर, आणि काढून ठेवून मग झोपायचं. पट्टी रात्रभर डोक्यावर असते आणि तिचं खरं काम तुम्ही गाढ झोपेत गेल्यावर सुरू होतं. 2024 मध्ये अमेरिकेत एलेमाइंड नावाची पट्टी आली. ती झोप लागण्याआधीच्या अल्फा लहरींशी आवाज जुळवते, म्हणजे पहिल्या तक्रारीवरच काम करू बघते. ती मी वापरलेली नाही, म्हणून तिला इथे बाजूला ठेवतो.

माझी तक्रार पहिली. तरीही मला मनातून पट्टीच जिंकायला हवी होती, कारण तिच्यामागचं शास्त्र मला फार भावलं होतं, अजूनही भावतं. गाढ झोपेत मेंदूच्या पुढच्या भागात मोठ्या, संथ लहरी उठतात, सेकंदाला एक किंवा त्याहूनही कमी. 2006 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकच्या लिसा मार्शल, यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या तरुणांच्या डोक्यातून 0.75 हर्ट्झचा मंद प्रवाह सोडला. संथ लहरी वाढल्या, आणि रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. 'नेचर'मध्ये आलेला हा शोधनिबंध आजही या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. 2013 मध्ये बॉर्न यांच्याच गटाने वीजही बाजूला ठेवली आणि नुसत्या आवाजावर काम केलं. लहर वर चढत असताना 50 मिलिसेकंदांचा पिंक नॉइजचा, म्हणजे पावसाच्या सरीसारख्या आवाजाचा, एक ठिपका कानात सोडायचा. समेवर टाळी पडावी तसा तो नेमका पडला तर पुढची लहर आणखी मोठी येते. चुकीच्या जागी पडला तर काही वाढत नाही. म्हणजे सगळी करामत वेळेची आहे. आवाज किती मोठा याला तेवढं महत्त्व नाही. त्या प्रयोगात माणसं होती फक्त 11, पण कल्पना इतकी स्वच्छ होती की पाठोपाठ अनेक प्रयोगशाळांनी ती उचलली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 60 ते 84 वयाच्या लोकांवरही असाच प्रयोग झाला. वय वाढलं की गाढ झोप आटत जाते, त्यामुळे हा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातही लहरी वाढल्या आणि सकाळची आठवण सुधारली.

पण 2019 मध्ये 'ईन्यूरो'मध्ये आलेल्या एका अभ्यासात लहरी वाढल्या तरी आठवण वाढली नाही. शिवाय आपल्यासारख्याला हवंय ते वेगळंच. शब्दांच्या जोड्या आठवून मला करायचंय काय? सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटायला हवं. पट्टीचे बहुतेक प्रयोग धडधाकट झोपणाऱ्यांवर झालेत आणि मोजली गेली आहे ती स्मरणशक्ती. आपल्या तक्रारीपर्यंत तो पूल अजून अर्धाच बांधून झालाय असं मला वाटतं.

क्लिपेची बाजू कागदावर याहून कच्ची आहे, आणि हे मी तिच्या बाजूचा असूनही सांगायला हवं. 'इलेक्ट्रोस्लीप' या नावाने हे सगळं सोव्हिएत संघात विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झालं. पुढे ते अमेरिकेत गेलं आणि तिथे त्याला क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी हे नाव मिळालं. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, चिंता आणि निद्रानाशासाठीची ही यंत्रं मधल्या, म्हणजे दुसऱ्या वर्गात टाकली. नैराश्यासाठीची मात्र सगळ्यात कडक अशा तिसऱ्या वर्गातच ठेवली. निद्रानाशासाठी वर्ग खाली आणला म्हणजे गुण सिद्ध झाला असा अर्थ काही जण काढतात. तो तसा काढू नये. त्याच्या आदल्याच वर्षी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका आढाव्याने सगळे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले होते, आणि निद्रानाशाच्या बाबतीत पुरावा अपुरा आहे असंच त्यातून निघालं होतं. 2023 मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. विषय नैराश्याचा होता, यंत्र अल्फा-स्टिम नावाचं, कानाच्या क्लिपेचंच. खरं यंत्र वापरणारेही सुधारले आणि बंद यंत्र लावून बसलेलेही सुधारले, जवळजवळ सारखेच.

त्यात आणखी एक गोष्ट. या क्लिपांमधून जाणारा प्रवाह मायक्रोॲम्पियरमध्ये मोजतात, अल्फा-स्टिममध्ये साधारण 100 ते 500. 2018 मध्ये हंगेरी आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मृतदेहांवर मोजून दाखवलं की डोक्यावर लावलेल्या प्रवाहाचा सुमारे 75 टक्के भाग कातडी, स्नायू आणि कवटीतच जिरतो. त्यांच्या हिशेबाने मेंदूत ठळक परिणाम व्हायला काही मिलिॲम्पियर, म्हणजे काही हजार मायक्रोॲम्पियर, लागतात. मग क्लिपेतून आत पोचतं किती? काही जण म्हणतात, काम व्हेगस या मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या कानातल्या शाखेतून होत असेल. पण ती शाखा कानाच्या मधल्या खोलगट भागात असते, पाळीत जवळजवळ नसते. व्हेगसवरच्या अभ्यासांत तर खोटा उपचार म्हणून मुद्दाम पाळीलाच क्लिप लावतात. आणि ल्युबेकचा तो 2006चा प्रयोग क्लिपेच्या खात्यावर जमा करू नये. तो झोपलेल्यांवर होता, प्रवाह वेगळा होता, जागा वेगळी होती.

एवढं सगळं माहीत असूनही माझ्या उशाशी आज क्लिपच आहे. कारण घाम.

आम्ही ठाण्यात वरच्या मजल्यावर राहतो. मार्च उजाडला की डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीनंतरही ती उष्णता खाली सोडत राहतो. भिंतीला हात लावला तरी कोमट लागते. पंखा पाचावर असतो पण तो गरम हवाच फिरवतो. एसी एकाच खोलीत आहे, तिथे आई झोपते, आणि मला स्वतःला एसीत नाक चोंदतं. अशा खोलीत कपाळावर पट्टी बांधून झोपायचं म्हणजे काय, ते जाहिरातीतल्या दुलई पांघरलेल्या माणसाकडे बघून कळत नाही. पहिल्या अर्ध्या तासात कपाळ आणि पट्टी यांच्यामध्ये ओल धरते. केसांच्या कडेला खाज सुटते. झोपेत हात आपोआप वर जातो आणि पट्टी भुवईवरून इंचभर वर सरकते. मी कुशीवर झोपणारा. उजव्या कुशीला वळलो की कानामागचा भाग उशीत दबतो, डाव्या कुशीला वळलो की पट्टी तिरकी होते. सकाळी कपाळावर लाल वळ आणि पट्टीच्या आतल्या बाजूला मिठाचा पांढरा कडा. तो ओल्या फडक्याने रोज पुसायचा, नाहीतर दुसऱ्या रात्री संपर्कच लागत नाही.

हे नुसतं अस्वस्थतेचं असतं तर मी सोसलं असतं. खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. घामामुळे ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या नोंदीत, स्वतःच्याच संथ, डुलणाऱ्या लहरी उमटतात. झोपेच्या प्रयोगशाळांमधल्या तंत्रज्ञांना हे चांगलं ठाऊक असतं. तसे डोलारे दिसले की ते आधी खोली थंड करतात. आता गाढ झोपेच्या लहरी कोणत्या? 0.5 ते 2 हर्ट्झच्या, 75 मायक्रोव्होल्टपेक्षा मोठ्या, कपाळाच्या बाजूला सगळ्यात ठळक दिसणाऱ्या. म्हणजे पट्टीला जे शोधायचंय, घाम नेमकं त्याच्यासारखंच दिसणारं काहीतरी तिच्यापुढे ठेवतो. चांगलं यंत्र अशा वेळी तो भाग टाकून देत असणार. टाकून दिला तर आवाज सोडत नाही, आणि आवाज सोडला नाही तर मी नुसतीच रात्रभर पट्टी बांधून झोपलो. टाकून दिला नाही तर टाळी भलत्याच ठिकाणी पडते. दोन्हीकडून मला उपयोग नाही.

आणि वेळ बघा. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात सगळ्यात जास्त असते. साडेअकराला डोळा लागला तर साधारण दोन-अडीचपर्यंत. आमच्या खोलीत सगळ्यात जास्त उकाडा याच वेळी असतो. पहाटे तीनच्या पुढे खाडीकडून वारा सुटतो, स्लॅब निवतो, कपाळ कोरडं होतं आणि पट्टीचा संपर्क झकास लागतो. पण तोवर गाढ झोपेचा मोठा हिस्सा होऊन गेलेला असतो आणि स्वप्नांची झोप सुरू झालेली असते. सकाळी ॲपमधला आलेख उघडला की पहिल्या तीन तासांत तुटक तुटक रेघा आणि पहाटेनंतर एकसंध निळी पट्टी. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हा आलेख जवळजवळ असाच येतो. काम करायच्या वेळी यंत्र आंधळं, आणि यंत्राला दिसू लागतं तेव्हा काम संपलेलं. पावसाळ्यात जरा बरं, डिसेंबर-जानेवारीत तर छान. पण दोन महिन्यांसाठी एवढे पैसे कोण घालणार?

न्यू जर्सीचा माझा मेव्हणा फोनवर म्हणाला, "अहो, खोली अठरा डिग्रीवर ठेवा की! माझी कधी सरकत नाही." त्याचं त्याच्या घरात बरोबर आहे. ही यंत्रं ज्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून घडवली जातात त्या तशाच असतात. खात्री करावी म्हणून मी एका रात्री पट्टी आईला दिली. तिची खोली थंड, झोपायची सवय उताणी. आधी ती तयार नव्हती. "डोक्याला तेल लावलंय रे, तुझं ते खराब होईल." तेलाने खरंच संपर्क बिघडतो, म्हणून कपाळ साबणाने धुऊन मग बांधली. सकाळी आलेख पाहिला तर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत अखंड. म्हणजे पट्टीत खोट नव्हती. आईला विचारलं, कशी लागली झोप? म्हणाली, "लागली की. रोज लागते तशी." चारला उठून तिने देवपूजेची तयारीही सुरू केली होती. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण घामाबद्दलची माझी शंका त्या आलेखाने मिटवली.

क्लिपेला जाच नाही असं कुणी समजू नये. क्लिपेच्या टोकांना छोट्या गोल नमद्याच्या चकत्या असतात. त्यांवर खास द्रावणाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि मग त्या पाळीच्या दोन्ही बाजूंनी चिमटवायच्या. द्रावण कमी पडलं की मुंगी चावावी तशी बारीक टोचणी सुरू होते, ती नेमकी एकाच कानात. प्रवाह जरा वाढवला की डोकं हलकं होतं, तोल किंचित गेल्याचा भास होतो. हा कानाजवळचा प्रवाह आहे, आणि तोल सांभाळणारा अवयवही तिथेच आत आहे. एक पायरी खाली आणली की हे थांबतं. द्रावण संपलं की बाहेरून मागवावं लागतं आणि आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते. शिवाय क्लिप पट्टीपेक्षा महाग. फिलिप्सची स्मार्टस्लीप पट्टी 2018 मध्ये 399 डॉलरला आली होती. नावाजलेल्या कंपनीची क्लिप त्याच्या बऱ्यापैकी पुढे जाते. अमेरिकेत ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतही नाही, पट्टी मात्र थेट दुकानातून घेता येते.

तरी हा सगळा जाच जागेपणीचा आहे, यातच माझ्यासाठी सगळं आलं. टोचलं तर मी थेंब टाकू शकतो. गरगरलं तर कमी करू शकतो. झोपेत मला काहीच करावं लागत नाही, कारण झोपेत अंगावर काही नसतंच. उकडलं तर शर्ट काढून, कूस बदलून, उशी उलटी करून मोकळा झोपू शकतो. झोप सुधारायला घेतलेली वस्तू झोपेच्या वेळी अंगावर नसणं ही केवढी मोठी सोय आहे, ते पट्टी वापरल्यावरच मला कळलं.

परिणामाचं म्हणाल तर माझ्याकडे आकडे नाहीत, अनुभव आहे. रात्री जेवण, भांडी, उद्याचा डबा असं सगळं आटपलं की खिडकीजवळच्या खुर्चीत क्लिपा लावून बसतो, कमीत कमी पायरीवर, चाळीस मिनिटं. पहिले दहा-बारा दिवस काहीच वाटलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की अंथरुणावर पडल्यावर डोक्यातली ती फिरकी लवकर थांबते. डोळा लागायला पूर्वी घड्याळात एक वाजलेला दिसायचा, आता तो क्वचित दिसतो. पहाटेची जाग तशीच आहे, तिला क्लिपेने हात लावलेला नाही. वापर बंद केला की दोन-तीन आठवडे फरक पडत नाही, पुढे जुनं हळूहळू परत येतं.

हे प्रवाहामुळे होतं की रोज चाळीस मिनिटं मोबाइल न घेता, दिवा मंद करून गप्प बसल्यामुळे? इंग्लंडच्या त्या अभ्यासात बंद यंत्रवालेही सुधारले हे मी विसरलेलो नाही. दोन्हीचा वाटा असावा असं मला वाटतं, आणि शांत बसण्याचा वाटा मोठा निघाला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. बायकोचं मत स्पष्ट आहे: "बंद करून बस आणि बघ." काही रात्री तसंही करून पाहिलं. पण चालू आहे की बंद हे स्वतःला माहीत असताना काय कळणार? ज्यांना नुसतं गप्प बसणं जमतं त्यांनी आधी तेच करावं, पैसे वाचतील. मला जमत नव्हतं. क्लिपा कानाला असल्या की मी उठत नाही, फोनला हात लावत नाही, आणि घरचेही त्या वेळात काही विचारायला येत नाहीत. तेवढ्यासाठीही मला ती मोलाची वाटते.

क्लिप सकाळी काहीही सांगत नाही, हेही मला आवडतं. गुण नाहीत, आलेख नाही. पट्टीच्या दिवसांत उठल्याबरोबर आधी ॲप बघायचो आणि रात्रीचा आकडा कमी असला की ताजंतवानं वाटत असूनही दिवस मलूल सुरू व्हायचा. 2017 मध्ये शिकागोच्या काही डॉक्टरांनी या वेडाला ऑर्थोसॉम्निया असं नावच दिलं. यंत्रावरच्या झोपेच्या आकड्यांची काळजी करून करून झोप घालवणारे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले होते. ज्यांना आकड्यांनी हुरूप येतो त्यांना पट्टी आवडेलही. चिंतेने जागणाऱ्याच्या हातात ती देताना मात्र मी विचार करेन.

मग पट्टी कुणी घ्यावी? तुमची खोली रात्रभर थंड राहत असेल, पुण्या-नाशकाच्या थंडीपुरती नव्हे तर बारा महिने. तुम्ही उताणे झोपत असाल. झोप पटकन लागते पण वरवरची आहे. वय पन्नाशीच्या पुढे गेलंय आणि गाढ झोप कमी झाल्यासारखी वाटते. तर पट्टी आधी बघा. तिच्यामागचा विचार क्लिपेपेक्षा भक्कम आहे, आणि तुमच्या खोलीत तिला काम करायला वाव मिळेल. महाबळेश्वरला किंवा लंडनला राहत असतो तर मी स्वतः कदाचित तिच्याकडेच झुकलो असतो. फक्त घेण्याआधी एक बघून घ्या: कंपनी चालू आहे ना? पट्टी ॲपवर जगते, आणि या धंद्यात कंपन्या टिकत नाहीत. फिलिप्सची ती पट्टी आता बाजारात नाही. ड्रीम नावाच्या फ्रेंच कंपनीने सामान्य ग्राहकांना विकणं थांबवलं आणि 2023 मध्ये बीकन बायोसिग्नल्सने तिला विकत घेतलं. क्लिपेच्या साध्या यंत्राला ॲप लागत नाही, दोन बटणं आणि एक छोटा पडदा. दहा वर्षांनी कंपनी असो-नसो, ते चालू होईल.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलं विजेवर चालणारं यंत्र असेल, तर क्लिपेच्या वाटेला जाऊ नका. फिट्स येत असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टर. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, स्पंज ओले करून डोक्याला लावायची टीडीसीएस यंत्रं तर घरी आणूच नका. त्यांचा प्रवाह 1 ते 2 मिलिॲम्पियर, म्हणजे क्लिपेच्या कितीतरी पट, आणि इलेक्ट्रोड कुठे लावायचा यावर परिणाम ठरतो. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते केलं जातं, तिथेच ते शोभतं.

आणि घोरत असाल, झोपेत श्वास अडकल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल, दिवसा गाडी चालवताना पेंग येत असेल, तर या दोन्ही यंत्रांवर एक रुपयाही घालण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. अडकणारा श्वास क्लिपेने सुटत नाही आणि पट्टीनेही नाही. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सीबीटी-आय सुचवली, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची ठरावीक पद्धत. गोळ्यांच्याही आधी. ठाण्या-मुंबईत ती शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, चौकशी केली की सापडतात. मी ती काही आठवडे केली. अंथरुणावर फक्त झोपायला जायचं, वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, हा तिचा नियम मी आजही पाळतो. क्लिपेच्या सोबत तो चांगला जमतो, कारण दोन्हीचं काम पलंगाबाहेर होतं.

शेवटी घ्यायचं ठरलंच तर नवीन घेण्याआधी कुणाची तरी क्लिप महिनाभर उसनी मिळते का बघा. नातेवाईक, ऑफिसातले लोक, कुणाकडे तरी कपाटात पडलेली असतेच. नमद्याच्या चकत्या मात्र आपल्या नव्या घ्या, दुसऱ्याच्या वापरू नका. रोज ठरलेल्या वेळी, कमीत कमी पायरीवर, निदान तीन आठवडे लावा, आणि त्या तीन आठवड्यांत झोपेच्या बाकी सवयींत दुसरं काही बदलू नका. पट्टी उसनी घेणार असाल तर एप्रिल-मेमध्ये घ्या. जानेवारीत ती सगळ्यांनाच आवडते.